ठोक्याला ओ

"तिथं कुणी नाही!" आई ओरडली.

"मग ठोकतं कोण?" बाबांनी विचारलं.

स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं. बाहेर काडी एका पायावर उभी होती, कारण दुसऱ्या पायाखालची फळी करकरायची आणि चोरून ऐकणाऱ्याला एवढी अक्कल हवीच. काडी म्हणजे धाकटी लेक. अंगानं तशीच, म्हणून नाव बाबांनीच ठेवलेलं.

"जितं माणूस हाका मारून घसा बसवतं, तेव्हा कुठं जातात हो तुमचे कान?" आई म्हणाली. "सकाळपासून सांगतेय दूध आणा, तर नुसतं 'अं?' आणि जमिनीखालच्या मेलेल्याला मात्र पहिल्या ठोक्याला ओ देता!"

"तो कमी बोलतो," बाबा म्हणाले.

यावर आईनं काहीतरी आपटलं. बहुधा झाकण. ते बराच वेळ फरशीवर गरगरत राहिलं.

बाबा पाणीखात्यात इंजिनियर होते. हातात लोखंडी सळई घेऊन गावभर हिंडायचे. सळईचं खालचं टोक जमिनीवर टेकवायचं, वरच्या टोकाला लाकडाची वाटी असायची, ती कानाला लावायची, की रस्त्याच्या पोटात पाइप कुठं गळतोय ते ऐकू येतं. रोज रोज लावून कानाभोवती गोल वळ उठला होता. आई त्याला 'बशीचा कान' म्हणायची. काडीला ताप आला की डॉक्टर यायच्या आधी सळई तिच्या पाठीला लागायची. बाबा डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "कुठं गळत नाही. झोप आता." मग डॉक्टरांचं औषध कडू लागायचं नाही, असं काडी म्हातारपणीसुद्धा सांगते.

लाइनीवर काम करताना एक माणूस या टोकाला, दुसरा पार त्या टोकाला. ओरडून भागायचं नाही. म्हणून पान्यानं पाइपावर ठोकायचं. एक ठोका म्हणजे, आहेस का? दोन म्हणजे, पाणी सोड. तीन म्हणजे, काम झालं, निघू या. आणि आले तितकेच ठोके परत द्यायचे, नाहीतर पलीकडच्याचा जीव टांगणीला. हा नियम बाबांनीच घातलेला.

शिंप्याच्या दुकानामागच्या गल्लीत मोठी लाइन टाकत होते तेव्हाची गोष्ट. फिटर सांधा आवळायला पाइपात शिरला आणि मागे चर खचला. सगळं मातीखाली गेलं. माणसं फावडी घेऊन धावली. पाइपाचा जो तुकडा मातीबाहेर उरला होता, त्यापाशी बाबा पाना घेऊन गुडघ्यावर बसले. आतून एक ठोका यायचा. आहेस का? बाहेरून एक जायचा. आहे. पुन्हा यायचा, पुन्हा जायचा. उन्हं कलली तेव्हा आतला थांबला. बाबांचा चालूच. फिटरला बाहेर काढलं तेव्हा त्याच्या मुठीतला पाना सोडवायला दोघं लागले. तो बाबांनी खिशात ठेवला, आणि कुणी मागितला नाही.

त्या लाइनीतून पाणी काही गेलं नाही. दोन्ही तोंडं बंद करून ती जमिनीत तशीच सोडली, नवी दुसरीकडून नेली. पुढच्या वर्षी बाबा गळती शोधत त्याच गल्लीत आले. सहज तिथल्या खड्ड्याचं झाकण सरकवून त्या जुन्या पाइपावर सळई टेकवली.

आतून एक ठोका आला.

बाबांनी एक परत दिला. दुसरं काय करणार? नियमच तो. मग ते रोज दिवेलागणीला तिकडे जायला लागले.

दाराआडून ते भांडण ऐकून घाबरायचं सोडून काडीला आतल्या माणसाची कीव आली. दुसऱ्या दिवशी आई भांडी विसळत होती. काडीनं चमच्यानं नळावर हळूच एक ठोका दिला. नळ गप्प. थेंबसुद्धा गळेना. मग आतून, फार फार लांबून, विहिरीच्या तळाशी कुणी खडा टाकावा तसा एक आला.

आईच्या हातातलं पातेलं निसटलं.  तिनं काडीच्या हातातून चमचा घेतला, पुसला आणि कपाटात वर ठेवला.

बाबा आल्यावर काडीनं फुशारकीनं सांगितलं. बाबांचा चेहरा उतरला.

"ती लाइन आपल्या नळाला जोडलेलीच नाही," ते म्हणाले. आणि मग, "पुन्हा ठोकायचं नाहीस, काडे. त्यानं तुला विचारलेलं नाही."

आईनं त्यानंतर या गोष्टीवरून भांडण काढलं नाही. भांडायला दुसऱ्या गोष्टी कमी नव्हत्या. उलट दिवेलागणीला बाबा पेपरात डोकं घालून बसले की म्हणायची, "निघा आता. वाट बघत असेल. आणि येताना दूध."

पुढे बाबा निवृत्त झाले. आई गेली. काडी परगावी नांदत होती, तिचेही केस पिकले. बाबा एकटेच, आणि एकदा पायरीवरून घसरून तासन्‌तास तिथंच पडून राहिले. शेजारीण ताटली परत द्यायला आली म्हणून कळलं. काडी धावत आली.

"माझ्याकडे चला."

"मग त्याला ओ कोण देणार?"

"मी येईन अधूनमधून."

"त्यानं तुला विचारलेलं नाही."

"बाबा, तुम्ही पडलात तर तुम्हाला कोण ओ देणार?" काडीचा आवाज फाटला. "रोज रात्री फोन वाजला की उचलायचा धीर होत नाही मला. माझा जीव किती दिवस टांगणीला ठेवणार आहात?"

बाबा कानावरचा वळ चोळत बसले. शेवटी म्हणाले, "त्याला विचारून सांगतो." जणू रजेचा अर्जच टाकायचा होता.

काडीनं त्यांचे कपडे भरले, गाडीची तिकिटं काढली. ती गाडी त्यांनी गाठलीच नाही. सकाळी ती चहा घेऊन गेली तेव्हा बाबा कुशीवर निजल्यासारखे गेलेले होते, बशीचा कान वर. पण ते सकाळचं. आदल्या दिवशी दिवेलागणीला त्यांनी सळई घेतली, आणि या वेळी काडी बरोबर गेली.

"या साहेब, थांबवतो," शिंपी म्हणाला आणि त्यानं चाकावर तळवा ठेवून मशीन बंद केलं. रोजचं होतं ते. "आज लेकसुद्धा? सांग गं बाई यांना, यांच्यापायी माझी शिवण रोज अर्धी राहते."

"पुरी केलीस तरी वाकडीच असते," बाबा म्हणाले.

गल्लीत त्यांनी झाकण सरकवलं, सळई पाइपावर टेकवली, कान लावला. बराच वेळ गेला. मग त्यांनी वाटी काडीकडे केली.

"तू ऐक. माझा कान दगा देतोय बहुतेक."

लाकूड त्यांच्या कानानं ऊबदार झालं होतं. आत आधी काहीच नव्हतं, नुसतं मोठं, रिकामं काहीतरी. मग ठक्. तिनं श्वास रोखला. ठक्. वाटी कानावर घट्ट दाबली. ठक्.

"किती?"

"तीन."

बाबांनी मान हलवली, लहानपणी तिचं गणित बरोबर आलं की हलवायचे तशी. खिशातून फिटरचा पाना काढला आणि सावकाश, एकेक सुटा ऐकू जाईल असे, तीन परत दिले. पाना पुसून खिशात ठेवला. झाकण ओढून घेतलं, कुणाला ठेच लागू नये म्हणून पायानं नीट बसवलं.

"चालू दे रे मशीन," शिंप्याला सांगितलं, आणि कोपऱ्यावर थांबून रोजच्यासारखं दूध घेतलं.