मान्यता न मिळालेला वर्ग

मधू गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुलगावात जुन्या खुर्च्यांचा भाव करत होतो. फोन ठेवला आणि दुकानदाराने सांगितलेल्या किमतीला हो म्हणून बाहेर पडलो. असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. महिना उलटला, पण त्याच्यावरचा राग उतरलेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहितात. मला ते जमणार नाही.

आम्ही दोघं नाचणगावचे, शाळेत एकाच बाकावरचे. तो इंग्रजीत एम.ए. झाला, मी दहावीनंतर बाजारात शिकलो. नव्वदीच्या अखेरीस सावंगीच्या कॉलेजांत शिकायला आलेली परदेशी मुलं दिसू लागली... नेपाळची, सुदानची, थायलंडचे एकदोन भिक्खूही. कॉलेजातलं इंग्रजी त्यांच्या डोक्यावरून जायचं. मी म्हटलं, "मधू, तू शिकव, बाकीचं मी पाह्यतो." जागा, बाकं, पंखे, मुलांच्या राहण्याच्या खोल्या, सगळं घासाघीस करून मी उभं केलं. शिकवायचा मात्र तोच. मूल चुकलं की मी दारातून टोकायचो, तर तो माझ्यावरच डाफरायचा, "बोलून तर राह्यला ना तो! चुकू दे न बे!"

परदेशी मुलांना इंग्रजी शिकवणाऱ्या वर्गांची तपासणी करून दिल्लीची एक संस्था गुणवत्तेची मान्यता द्यायची. ती असली की परदेशातले पालक थेट मुलं पाठवत. नसली की मुलं नागपूरला जात. ती मिळाली तरच आमचा वर्ग टिकणार होता. आपल्याकडे तपासणी म्हटली की धडा आधी घोटून घेतात. आम्हीही लहानपणी साहेबांपुढे पाठ केलेलीच उत्तरं दिली होती. म्हणून डॉक्टर आणि रोग्याचा एक संवाद मुलांकडून पक्का करून घ्यायचं मी ठरवलं, कोणी कधी हात वर करायचा तेसुद्धा.

"हे नाटक काऊन पाह्यजे?" मधू कुरकुरला.

"मान्यतेसाठी. उद्या हेच शिकवजो, दुसरं काही नाई."

"बरं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दिल्लीच्या बाई मागच्या बाकावर बसल्या. मुलं घडाघडा बोलू लागली. मी दारात उभा राहून मनातल्या मनात मान्यतेची नवी पाटी रंगवत होतो. मधू मध्येच थांबला आणि बाईंना म्हणाला, "मॅडम, हे यांचं पाठ आहे. तुम्हीच एखादा विषय द्या." बाईंनी मुलांना आपापल्या गावाबद्दल बोलायला सांगितलं. सुदानचा उमर उठला, अडखळला, चुकत चुकत नदीबद्दल बोलत राहिला. मधूचा चेहरा तेव्हा असा उजळला होता की तो आठवला की आजही माझं डोकं फिरतं. अहवाल आला: शिक्षक उत्तम, व्यवस्थापन विश्वासार्ह नाही. मान्यता नाकारली.

मी त्याला भर रस्त्यात गाठलं. "हेच करायचं होतं, तर मले आदल्या दिवशी काऊन नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं तर तू मले वर्गात पाय ठेवू दिला असता का?"

प्रश्न तो नव्हताच. त्याने मला बरं म्हटलं होतं, आणि खरं सांगितलं परक्या बाईला. वर्ग बंद पडला, आमचं बोलणंही. मी मंडप-खुर्च्यांच्या धंद्यात शिरलो. त्याने शिकवणंच सोडलं, असं लोक सांगायचे.

तेरवीला पिपरी मेघेत त्याच्या घरी गेलो. मागच्या खोलीची एक भिंत काळ्या रंगाने रंगवलेली होती, खाली सतरंज्यांची चळत. त्याच्या बायकोला, शोभावहिनींना विचारलं, हे काय?

"दर रविवारी मुलं येत ना. पह्यले तुमच्या वर्गातली, मग त्याईच्या मागची. पैसे नाई घेत होते. तुमी रागावता म्हणून तुमाले सांगतलं नाई."

इतकी वर्षं... माझ्या घरापासून सायकलच्या अंतरावर माझाच वर्ग चालू होता, आणि एका रविवारी मला चहालासुद्धा बोलावलं नाही. भिंतीवर त्याच्या तिरप्या अक्षरात इंग्रजीत अर्धंच वाक्य होतं: मी घरी परत जाईन तेव्हा... पुढचं मुलांनी पूर्ण करायचं होतं.

"भाऊजी, पोरगा या भिंतीले चुना मारतो म्हणते," वहिनी म्हणाल्या.

"हात लावायचा नाई भिंतीले!" मी ओरडलोच. बाहेरची माणसं आत डोकावली.

वहिनींनी पदराने डोळे पुसले. "कोणासाठी ठेवू, सांगा?"

मी चळतीतली एक सतरंजी ओढली आणि त्या वाक्यासमोर बसलो.