घेणेकरी ताई

ताईंचं कसब दातांत होतं. शहरातले निम्मे म्हातारे त्यांनी घडवलेल्या कवळ्यांनी जेवायचे आणि त्याच कवळ्यांनी सुनांना टोचून बोलायचे. गल्लीच्या टोकाला एक खोली, खिडकीखाली पॉलिशचं यंत्र, फळीवर प्लास्टरचे जबडे आ वासून बसलेले. नवरा गेल्यावर ताईंनी ही खोली स्वतःच्या हिमतीवर घेतली होती, आणि आता तिच्यावरच बँकेचा डोळा होता.

झालं असं, की धाकट्या भावाने जिम काढली. चार पायऱ्या चढला तरी धापा टाकणारा माणूस. घरात त्याला चेअरमन म्हणत, कारण तो बसायचा फार छान. कर्जाला जामीन हवा होता. "नुसती सही गं ताई, शोभेला," म्हणाला, आणि ताईंनी केली. त्या जिममध्ये वजन उतरलं ते फक्त गल्ल्याचं. शेवटी चेअरमनने कोर्टात दिवाळखोरीचा अर्ज टाकला आणि तो गाढ झोपू लागला.

मग वसुलीवाला ताईंच्या दारात उभा.

"माझ्याकडे कशाला आलात? ज्याने घेतलं त्याला धरा."

"त्यांना आता हात लावता येत नाही, मॅडम. कोर्टाने आडोसा दिलाय. तो त्यांना, तुम्हाला नाही." जबड्यांपासून तो जरा लांबच थांबला होता. "त्यांनी नाही भरलं तर जामीनदाराने भरायचं. ही खोली तुमच्याच नावावर ना?"

ताई तडक वकीलबाईंकडे गेल्या.

"भरावं तर लागणारच," वकीलबाई म्हणाल्या. "हप्ते बांधून मागू, म्हणजे खोली वाचेल. पण जे भराल ते भावाकडे मागायचा हक्क तुम्हाला आहे. त्याचं सामान विकून घेणेकऱ्यांना जे मिळेल, त्यात तुमचाही वाटा." त्यांनी भावाने कोर्टात दिलेली यादी उघडली. कार्पेटवाला होता, वीज कंपनी होती, पाण्याच्या बाटल्या पोचवणाराही होता. "तुमचं नावच नाही घातलंय."

ताई भावाच्या घरी गेल्या. चेअरमन सोफ्यावर होता.

"अरे, मला का वगळलंस?"

त्याला खरंच वाईट वाटलं. "त्या लोकांच्या रांगेत तुला बसवू? सख्खी बहीण तू माझी."

"बघ," आतून आई म्हणाली, "तुझा मान राखला त्याने."

"बँक मान घेत नाही गं आई, रोख मागते."

"म्हणजे तू कोर्टात माझ्याविरुद्ध उभी राहणार?" भाऊ सोफ्यावर सरळ होऊन बसला.

"उभी कशाला? बसणार आहे. कार्पेटवाल्याच्या शेजारी."

त्याने अबोला धरला. ताईंना तेवढीच शांतता मिळाली. वकीलबाईंनी बँकेशी घासाघीस करून हप्ते बांधले, खोली ताईंकडे राहिली. रोज दोन कवळ्या जास्त करायच्या, एवढाच काय तो फरक. भावाकडच्या वसुलीचा अर्जही कोर्टात गेला.

घेणेकऱ्यांच्या बैठकीला ताई इस्त्रीची साडी नेसून गेल्या. शेजारी कार्पेटवाला मोकळ्या गळ्याने चेअरमनचा उद्धार करत होता. त्याच्यापासून सुरू करून आईपर्यंत पोचला होता. मध्येच दम घेत त्याने विचारलं, "तुमचं काय बुडवलं त्याने?"

"जामीन होते. मी त्याची सख्खी बहीण."

कार्पेटवाला जरा सरकला, ताईंना ऐसपैस जागा करून दिली. मग त्याने शिव्या पुन्हा सुरू केल्या, फक्त त्यातून आईला वगळलं.