वच्छलाबाईच्या वहीतली बकरी

वच्छलाबाईला कोणी काही विचारलं की ती आधी खाली बसायची. मग उत्तर द्यायची. एसटीत कंडक्टरने विचारलं, "मावशी, कुठं जायचं?" की ही म्हणायची, "बसू दे बापा, मंग सांगतो." गाडीत जागा नसली तर खाली बोचक्यावर बसून ती "केनवड" म्हणायची. लोक हसायचे. तिला त्याचं काही वाटत नसे. "उभ्यानं सांगतलेलं खरं नसते," असं ती म्हणे. "उभा मानूस जायच्या घाईत असते. घाईतला मानूस कायबी सांगते."

ती माझी शेजारीण. तिच्या आणि माझ्या घराच्या मधे एकच मातीचा कुड. तिच्या घरी फोडणी पडली की माझ्या घरी शिंक यायची. माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठी. नवरा लवकर गेला, मुलगा पुण्याला कंपनीत. दोन एकर वावर होतं, ते स्वतः पाहायची आणि उरलेल्या दिवशी दुसऱ्याच्या निंदणाला जायची. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. मी चौथी शिकलेली. आमच्या माहेरच्या गावात शाळा चौथीपर्यंतच होती, पाचवीला नदीपलीकडे जावं लागे, म्हणून मी तिथेच थांबले. मला लिहिता येतं, पण बोलता येत नाही. चार माणसांत माझी जीभ टाळूला चिकटते. वच्छलाबाईचं उलटं होतं. ती बसली की गाव तिच्याभोवती बसे.

तर मला तिचा हेवा वाटायचा. हे मी आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे लपवायला नको.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला एक मॅडम गावात आल्या. तिशीच्या आत, खांद्याला पिशवी, पायात साधी चप्पल. त्या मोठ्या पदवीसाठी अभ्यास करत होत्या. शेतकऱ्याच्या घरची बाई दिवसभर काय काम करते, किती शिकली, का थांबली, घरात तिचं कोण ऐकतं, असं सगळं त्यांना लिहून न्यायचं होतं. त्यांनी माझं दार वाजवलं तेव्हा माझे हात पिठात होते. "घरात कोणी आहे का?" बाहेरचा आवाज, शुद्ध भाषा. मी कडी लावली आणि दाराला पाठ लावून उभी राहिले. दोन दिवसांनी त्या पुन्हा आल्या. मी पुन्हा तशीच. तिसऱ्या वेळी माझा हात कडीवर होता, काढावी की नको असं चाललं होतं. तेवढ्यात वच्छलाबाई तिच्या ओट्यावरून ओरडली, "थे वावरात गेली असन. काय पायजे तुमाले? या, बसा."

तिला ठाऊक होतं मी घरात आहे. मघाशीच तिने मला कुडापलीकडून विरजण मागितलं होतं.

मॅडम तिच्याकडे बसल्या. कुडाला कान लावून मी सगळं ऐकलं. गावातल्या घरांच्या चिठ्ठ्या टाकून त्यांनी काही घरं काढली होती. त्यात आमच्या ओळीत चिठ्ठी निघाली ती माझ्या घराची. तीनदा जाऊन घर बंद असलं तर शेजारचं घर घ्यायचं, असा त्यांचा नियम. "म्हणून आता तुम्ही, मावशी," मॅडम म्हणाल्या.

"मले चालते बाप्पा," वच्छलाबाई म्हणाली. "चहा ठेवतो."

मी पिठाच्या हातांनी तशीच बसून राहिले. माझी चिठ्ठी निघाली होती. आयुष्यात पहिल्यांदा.

त्यानंतर दर शनिवारी मॅडम यायच्या. पलीकडून हसण्याचे आवाज यायचे. वच्छलाबाईने बशीसकट नवा कप आणला. नळावर पाणी भरताना "आमच्या मॅडम" म्हणू लागली. "आमच्या मॅडमनं मले विचारलं, पोरीनं किती शिकावं असं तुमाले वाटते? म्या म्हनलं, तिले कटाळा येईपर्यंत." बाया खदखदून हसायच्या. मी हंडा उचलून घरी यायची. मला रेशनवर अंगठा मागतात, दवाखान्यात कुठं दुखतं ते विचारतात. तुम्हाला काय वाटतं, हे मला कोणी विचारलेलं मला आठवत नाही. तो प्रश्न माझ्या दाराशी तीनदा आला होता. कुडाआड बसून मी मॅडमच्या प्रश्नांची उत्तरं मनात द्यायची. माझी उत्तरं तिच्यापेक्षा चांगली होती असं मला वाटे. अजूनही वाटतं.

मग मॅडमनी तिला एक वही दिली. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलं ते रोज लिहायचं. वच्छलाबाई ती वही घेऊन थेट माझ्याकडे आली, आणि बसली.

"रेखा, तुले चौथीचं अक्षर हाय. मी सांगतो, तू लिहिजो. मॅडमले सांगतलं म्या, शेजारीन लिहून देते म्हून."

दिवेलागणीला ती यायची आणि सांगायची. सांगणं असं: "सकाळी उठली. चहा केला. झाडलं-सारवलं. बारा वाजेपर्यंत निंदलं. मंग तुह्याघरी बसली. संध्याकाळी भाकर केली. झालं." दिवसभर राबून पाच ओळी. आणि माझा दिवस? पहाटे बकरी सोड, तिच्या पिलांना पाला टाक, पाणी भर, डबा कर, खाटेवर पडलेल्या सासूबाईंचं सगळं कर, मजुरीला जा, येताना सरपण आण, बकरीसाठी कुटार भर. माझ्या दिवसाला दोन पानं लागली असती, आणि वही तिची होती.

एक दिवस "झाडलं-सारवलं"च्या पुढे मी लिहिलं, बकरी सोडली. दुसऱ्या दिवशी पिलांना पाला टाकला. वच्छलाबाई सांगत होती, मी मान हलवत होते आणि माझंच लिहीत होते. तिला वाचता कुठे येत होतं. सासूबाई तेवढ्या मी वगळल्या, कारण तिला सासू नव्हती हे मॅडमना माहीत होतं. पोळ्यापासून दिवाळीपर्यंत त्या वहीत वच्छलाबाईच्या नावाखाली मी राबत होते. पान भरलं की मला शांत झोप लागायची.

दिवाळीनंतरच्या शनिवारी मॅडमनी ओट्यावर बसून ती पानं मोठ्याने वाचली. मी माझ्या दारात तांदूळ निवडत होते. कडी हल्ली लावत नव्हते, पण पुढेही जात नव्हते.

"मावशी, किती काम करता हो तुम्ही! मी एवढ्या घरी जाते, इतकं बारीक कोणी सांगितलं नाही. बकरी, पिलं, सरपण, कुटार..." मॅडम थांबल्या. "बकरी कधी घेतली? पहिल्या दिवशी तुम्ही जनावर नाही म्हणाला होता."

वच्छलाबाईने माझ्याकडे पाहिलं नाही. ती उठून उभी राहिली. ओच्याला हात पुसत म्हणाली, "घेतली मंधात. वाट्यानं."

उभ्याने म्हणाली.

भरलेली वही पिशवीत टाकून, दुसरी कोरी देऊन मॅडम गेल्या. मग वच्छलाबाई माझ्याकडे आली. पाट ओढून बसली. मग म्हणाली, "काहून व रेखा, माह्या वहीत तुही बकरी कायले बांधली?"

मी तांदूळ निवडत राहिले.

"बांधली त बांधली, चारा तरी टाकजो," ती म्हणाली आणि स्वतःच हसली. मग हसू थांबवून म्हणाली, "तू घरात हायस हे मले ठाव होतं व त्या दिवशी. तू वावरात गेली म्हून सांगतलं म्या. वाटलं, हे पोरगी भेते, कायले तिले आडवं घ्याव. अन् थोडंसं असंबी वाटलं का, मले विचारन कोनी त बरं." तिने पाटावरचा काडीकचरा बोटाने गोळा केला. "दोघीचंबी लिहीत जाय. पन माहं थोडं तरी येऊ दे."

"व्हय," मी म्हटलं. एवढंच म्हटलं.

आठ-दहा दिवस मी दोघींचं लिहिलं. मग मॅडमनी तिला वाशीमला कॉलेजात नेलं. तिथल्या मुलामुलींसमोर खुर्चीवर बसवलं. आली ती गुलाबाचं फूल आणि शाल घेऊन. नळावर सगळ्यांना सांगितलं, "खुर्ची देल्ली मले, म्हून सारं खरं सांगतलं." बाया हसल्या. मी घरी आले आणि त्या संध्याकाळी तिच्या वहीत पुन्हा नुसतं माझंच लिहिलं. तिने रोजच्यासारखं सांगितलं, मी रोजच्यासारखी मान हलवली. मी काय लिहिते हे तिने पुन्हा कधी विचारलं नाही. तिला कळत होतं की नव्हतं, मला माहीत नाही. मला वाटतं, कळत होतं.

जानेवारीत तूर सोंगताना तिच्या छातीत कळ आली. वावराच्या धुऱ्यावर बसली ती बसलीच. पुण्याहून मुलगा आला, दिवस झाले, घराला कुलूप लावून गेला.

मधले दोन शनिवार चुकलेल्या मॅडम पुढच्या शनिवारी आल्या, तेव्हा नळावर बायांनी त्यांना सांगितलं. कुलूप पाहून तिच्या ओट्यावर बसल्या आणि रडल्या. त्यांच्या डोळ्यांत वच्छलाबाईसाठी पाणी होतं, आणि खरं सांगते, तेव्हाही मला हेवा वाटला. माझ्यासाठी असं कोण रडेल. मी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर गेले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"तुम्हीच वही लिहायचात ना?" मॅडम म्हणाल्या. "मावशींच्या त्या पानांवर माझं एक सबंध प्रकरण उभं आहे. एकटी बाई, आणि एवढं काम."

मी बोलले. खरेपणासाठी बोलले की माझं काम मला परत हवं होतं म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही. मी म्हटलं, "त्यातली बकरी माही हाय."

त्यांना कळेना. मग मी बसले आणि सगळं सांगितलं. किती वेळ लागला कोण जाणे. मॅडमनी पिशवीतून ती जुनी वही काढली, पोळ्याची पानं उघडली आणि पेन्सिलीने एकेका पानावर तिरकी रेघ मारत गेल्या. रागावल्या नाहीत. "हे आता मला वापरता येणार नाही," एवढंच म्हणाल्या. तिचं पाच ओळींचं मी लिहिलं नाही, आणि माझं दोन पानांचं खोडलं गेलं. वहीतून दोघीही गेल्या.

वही मिटून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मग पोळ्यापासून दिवाळीपर्यंत मावशी काय करत होत्या? तुम्हाला माहीत असेल."

मला कोणीतरी प्रश्न विचारला होता. नीट, माझ्याकडे बघून. आणि तो तिच्याबद्दल होता. माझी जीभ पुन्हा टाळूला चिकटली. मॅडम म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी येते," आणि गेल्या.

त्या दिवशी दुपारी सासूबाईंनी खाटेवरून विचारलं, "वच्छी काहून आली नाई व?" त्यांना सांगितलेलं लक्षात राहत नाही. रोज दुपारी त्या हेच विचारतात.

तेव्हा मला कळलं, मॅडमना काय सांगायचं ते. "तुह्याघरी बसली," असं वच्छलाबाई रोज सांगायची आणि मी ते रोज गाळायची. बसण्यात लिहायचं काय? पण बारा वाजता निंदण सोडून ती यायची, कारण बारानंतर मला मजुरीला जायचं असे. ती सासूबाईंची कूस वळवायची, ओलं लुगडं बदलायची, भाकर दुधात कुस्करून भरवायची, गावातल्या भांडणांच्या गोष्टी सांगून त्यांना हसवायची. मी चार वाजता सरपणाचा भारा घेऊन येईपर्यंत. माझी मजुरी, माझं सरपण, माझं कुटार, ज्याची मी पानंच्या पानं भरली, ते सगळं तिच्या बसण्यावर उभं होतं. तिने कधी त्याला काम म्हटलं नाही, आणि वही माझ्या हातात असून मीही म्हटलं नाही.

उद्या शनिवार. तोंडाने मला जमणार नाही, म्हणून लिहून देणार आहे. नवी वही आणली आहे. वर तिचं नाव घातलं आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवसापासून आठवून लिहिते आहे, आणि यात माझी बकरी कुठे येऊ दिली नाही.

दार उघडं आहे. मी खाली बसले आहे.