ठासलेल्या वाळूची कुंडी

माझ्या बायकोचा पाय कचराकुंडीनं घेतला, असं गावात म्हणतात. ते खोटं आहे. कुंडी काय कुणाच्या अंगावर येती?

बेळगुंदीच्या वाटेवर आमचं गाव. घरासमोर बस थांबा, तिथं पत्र्याची कुंडी. वरच्या आळीतला एक बत्तीस वर्षांचा गडी, बायकापोरांचा धनी, संध्याकाळी दोस्तांशी पैज लावून ती एका लाथेत आडवी करायचा. मी दारात बसून बघायचो. ही सकाळी झाडू घेऊन सांडलेलं गोळा करायची. तुला कोण पगार देतंय, म्हणून मी ओरडायचो. तरी जायची. एक दिवस बाटलीची काच चपलेतनं तिच्या अंगठ्यात शिरली. तिला साखरेचा आजार होता, जखम भरेना. आधी अंगठा काढला, मग पाऊल, आणि पाडव्याच्या आत तीच गेली.

पुढं पंचायतीनं नवीन कुंड्या घ्यायचं ठरवलं. मी तीस वर्षं बेळगावात फौंड्रीत ओतकामाचे वाळूचे साचे भरले, म्हणून आमच्या मेंबरानं मला निवडायला बोलावलं. तीन नमुने मांडले होते. तिन्हींना मी आधी लाथ घातली. कंपनीचा माणूस कानडीत म्हणाला, म्हातारं खुळं दिसतंय. मी कानडीतच त्याला सांगितलं, की हो, आणि खुळ्याच्याच हातात तुझी ऑर्डर आहे.

प्लॅस्टिकची होळीत जाणार. पातळ पत्र्याची दबणार. ओतीव बिडाची लाथेला दाद देत नाही, पण दगड घातला की तडकते. मी म्हणालो, दुहेरी पत्रा करा, मधल्या पोकळीत फौंड्रीची टाकाऊ काळी वाळू ठासा, खालचे खांब दोन फूट काँक्रीटमध्ये गाडा. आणि आमच्या थांब्यावरच्या कुंडीला बाहेरून जुनाच पोचे आलेला पत्रा लावा.

"जुना कशाला, आप्पा?" मेंबरानं विचारलं.

"दिसाय बरा हाय."

आत वाळू आहे अशी पाटी लावूया, असंही त्याच्या मनात होतं. मी म्हणालो, "कचऱ्याच्या डब्याला लाथ मारू नये, हे आता लिहून द्याय लागतंय व्हय?" सगळे हसले. मी नाही.

वाळू मीच ठासली. दर घावाला त्या गड्याचा पाय डोळ्यांपुढं आणला. पंचायतीच्या झाडूवाल्या बाईला आतला डबा कुंडीच्या मागच्या दारानं सहज काढता यावा, एवढं मात्र बघितलं.

कुंडी बसवल्याच्या चौथ्या दिवशी संध्याकाळी दोस्तांनी त्याला डिवचलं. दोन पावलं मागं सरून त्यानं लाथ घातली. आवाज फार झाला नाही. तो खाली बसला तो उठलाच नाही, दोघांनी उचलून गाडीवर घातला. मी दारातनं हललो नाही.

दुसऱ्या दिवशी केळी घेऊन त्याला बघायला गेलो. आजाऱ्याला बघायला आलेल्या माणसाला आमच्यात कुणी दारातनं परत लावत नाही. त्याच्या आईनं च्या केला. गाडीवरनं घसरला, म्हणाली. अंगठा मोडलेला, प्लॅस्टरातला पाय उशीवर ठेवून तो माझ्याकडं बघत होता. त्याला कळलं होतं.

"साखर बघून घेतलीस का रं?" मी विचारलं. "माझ्या बायकोचंबी अंगठ्यापासनंच सुरू झालतं."

मग मी रोज जायला लागलो. रोज केळी, रोज तेच विचारायचं. म्हातारा लई मायाळू, म्हणून त्याची बायको गल्लीभर सांगत सुटली. शेवटी एकदा घरात कुणी नसताना तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "आप्पा, चुकलं माझं. आता येऊ नकासा."

"पाय बरा होईस्तवर येणार," मी म्हणालो.

पाय बरा झाला. आईनं त्याचं रक्त तपासून घेतलं, साखर निघाली नाही. परवा तो लंगडत थांब्यावर आला, हातातली बाटली कुंडीत नीट टाकली आणि माझ्या दाराकडं न बघता निघून गेला. कुंडी चांगली निवडली, असं मेंबर म्हणतो. मला वाटतं, वाळू अजून थोडी ठासायला पाहिजे होती.