पालकांची संमती

अकरा वर्षांच्या भाचीने, सईने, चित्रं रंगवायचं ॲप उघडलं. त्याने पालकांची संमती मागितली, तेव्हा मला बरं वाटलं. मुलांची माहिती आईबापांना विचारल्याशिवाय कुणी घेऊ नये, या कायद्यासाठी मी चौकाचौकांत पत्रकं वाटली होती.

सईने ताईचा नंबर टाकला. ताईचे हात कणकेत होते.

"आई, ओटीपी आलाय."

"मग टाक की! रोज मला विचारून टाकतेस का?"

"ताई, काय मागतायत ते वाच तरी," मी म्हणालो.

"तू वाच, पुढारी! माझे बँकेचे ओटीपीसुद्धा हीच टाकते."

मी सईकडून फोन घेऊन वाचू लागलो. शाळा, पत्ता, आवाज, चेहरा. पानं संपेनात. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर चष्मा लावून निवांत वाचणारी आई असणार. कणीक मळणारी त्यांना दिसली नाही. पत्रकं लिहिताना मलाही दिसली नव्हती. फोन परत न देता हातातच धरून ठेवता आला असता, पण उद्या मी इथे नसणार होतो आणि ओटीपी पुन्हा येणार होता.

सईने माझ्या हातातून फोन घेतला, ओटीपी टाकला. ॲपने फोटो मागितला. तिने केस सारखे केले.

"मामा, हसू का?"

ती छान हसली.