धूर कुठे जात होता

रेगेन्सबर्गजवळच्या एका गावात आम्ही घर घेतलं, तेव्हा मागच्या शेडमध्ये जुन्या घोंगडीखाली एक बिडाची शेगडी सापडली. काळी, जडशीळ, दारावर वेलबुट्टी, तडा कुठेही नाही. हॉलच्या भिंतीत तिचा पाइप जिथे धुराड्यात शिरत असणार, ते गोल भोक मात्र बुजवून वरून रंग दिलेला होता. नवरा शेगडीवर हात फिरवत बसला. मी भिंतीकडे बघत राहिले. चांगली चालती शेगडी उचलून शेडमध्ये कोण टाकतं? आणि भोक का बुजवतं?

"काहीतरी झालेलं असणार इथे," मी म्हटलं.

"अगं, शेगडी आहे ती, बाँब नाही."

नवरा गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर आहे. यंत्र दिसलं की आधी त्याचा विश्वास बसतो. माझं नेमकं उलटं.

शेगडी बसवायची तर शोर्नस्टाइनफेगरची, म्हणजे धुराडी साफ करणाऱ्या आणि तपासणाऱ्या माणसाची परवानगी लागते. तो आला, धुराड्यात कॅमेरा सोडला, स्वयंपाकघरात डोकावला, आणि पाइप बसल्यावर पुन्हा येऊन हो म्हणाला. त्याचं हो मला जरा पटकन आल्यासारखं वाटलं.

शेजारी एक म्हातारे गृहस्थ एकटे राहायचे. आमच्या घरात आधी राहणाऱ्या बाईंना ते चांगले ओळखत होते, म्हणून मी एकदा कुंपणापाशी त्यांना गाठून विचारलं, "ती शेगडी का काढली होती हो?"

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "हं... फार जुनी गोष्ट," म्हणाले आणि आत निघून गेले.

त्या दिवसापासून माझं त्यांच्यावर लक्ष. शेगडी पेटली की ते बागेत येत आणि मान वर करून आमच्या धुराड्याकडे बघत राहत. कधीकधी नुसतं नाक वर करून हवेचा वास घेत. हे आपली तक्रार करणार, अशी माझी खात्री झाली होती. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "बघू दे की. आकाश सगळ्यांचं आहे."

डिसेंबरात सासूबाई पुण्याहून आल्या. त्या यायच्या आधी आम्ही स्वयंपाकघरात चिमणी बसवून घेतली होती, वाफ आणि वास भिंतीतून सरळ बाहेर फेकणारी, चांगली जोरकस. फोडणीचा वास कोटांना लागायचा आणि ऑफिसात मला उगाच अवघडल्यासारखं व्हायचं. सासूबाईंना चिमणी भलतीच आवडली. सकाळी पोह्यांपासून त्या ती लावून ठेवत.

आठवड्याभरात त्यांचं डोकं दुखायला लागलं.

"आई, शेगडीने होतंय का?"

"कुणास ठाऊक गं. दुपारी जेवणं झाली की जड होतं. थंडीचंच असेल."

मी शेगडीचं दार, पाइपचे सांधे, सगळं हुंगून काढलं. काही दिवस हवा बरी म्हणून खिडक्या उघड्या असत, तेव्हा शेगडी सकाळपासून पेटलेली असूनही सासूबाई ठणठणीत असत. त्यामुळे नवऱ्याचं फावलं. पण कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो हे मी वाचलं होतं. मी एक अलार्म आणून हॉलमध्ये लावला. तो गप्पच राहिला. मग मला अलार्मचाच संशय यायला लागला. येता-जाता मी त्याचं बटण दाबून बघायची, आणि तो किंचाळला की नवरा आतून ओरडायचा, "अगं, बास कर आता!"

एका रविवारी बाहेर बर्फ पडत होतं. खिडक्या घट्ट बंद, शेगडी पेटलेली, सासूबाई पुऱ्या तळत होत्या आणि चिमणी पूर्ण जोरात चालू होती. मी टेबलावर ताटं मांडत होते. अलार्म वाजला. या वेळी बटणाजवळ कुणीच नव्हतं.

"बॅटरी गेली असेल," नवरा म्हणाला.

"गॅस बंद कर आणि बाहेर चल!"

मी सासूबाईंना दंडाला धरून कढईपासून दूर ओढलं. दारापर्यंत येताना त्यांचा पाय लटपटला, तेव्हा नवऱ्याचा चेहरा उतरला. त्याने त्यांना जवळजवळ उचलूनच बाहेर आणलं. साडी, वर माझं जॅकेट, पायात मोजे, अशा त्या बर्फात उभ्या होत्या आणि म्हणत होत्या, "अरे, पुरी जळेल."

शेजारचे म्हातारे फाटकातून आत आलेच होते. कानाला फोन, फायर ब्रिगेडशी बोलणं चालू. त्यांनी सासूबाईंना स्वतःच्या स्वयंपाकघरात नेऊन बसवलं, खांद्यावर ब्लँकेट घातलं.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं. माझ्या आवाजात तेव्हाही संशय असणार.

"तुम्ही लाकडं आत नेता आणि कधीकधी दुपारी धुराड्यातून धूरच निघत नाही, आजही नव्हता. मग तो जातो कुठे?" ते म्हणाले. "आणि जेव्हा निघतो, तेव्हा वास वेगळा येतो. मला वाटलं, तुम्ही रंग दिलेलं लाकूड जाळता."

तो वास आमच्या फोडणीचा होता. मी सांगितलं. मग शेगडीचं पुन्हा विचारलं. आधीच्या त्या बाईंचे गुडघे गेले होते, लाकडं उचलवत नव्हती, म्हणून ती काढली, एवढंच. "तुम्ही असं विचारलंत की मला वाटलं, तुम्हाला घर विकणाऱ्यांवर केस करायची आहे. मी म्हटलं, आपण मध्ये पडायला नको."

फायर ब्रिगेडच्या लोकांनी घरातली हवा मोजली आणि सगळी दारं उघडून टाकली. सासूबाईंना हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजन दिला आणि संध्याकाळी घरी सोडलं.

दुसऱ्या दिवशी शोर्नस्टाइनफेगर आला. स्वयंपाकघराच्या दारातच थांबला आणि चिमणीकडे बोट दाखवून म्हणाला, "ही तेव्हा नव्हती." चिमणी घरातली हवा बाहेर ओढत होती, बंद घरात दुसरी हवा येणार कुठून? ती धुराड्यातून धुरासकट खाली येत होती. नवऱ्याने हे ऐकलं आणि खुर्चीवर बसला. "मला कळायला हवं होतं," एवढंच म्हणाला.

उपाय साधा होता. खिडकीला एक स्विच बसवला, खिडकी उघडी असेल तरच चिमणी चालते. शेगडी पुन्हा पेटवायला मात्र नवऱ्याने बरेच दिवस लावले. पेटवली तेव्हा मी त्याला आधी परीक्षा घ्यायला लावली. सासूबाई कोट घालून कढईपाशी उभ्या राहिल्या. चिमणी घरघरत होती. मी खिडकी बंद केली, आणि चिमणी एकदम गप्प झाली.

सासूबाईंनी झारा हातात धरूनच वर पाहिलं. "लाइट गेले का गं?"