धावपट्टीवरचे खडे आणि बार्शीटाकळीची बैठक

लढाऊ विमान का पडलं, हे शोधायला सरकारचे हुशार अधिकारी महिनोन्‌महिने बसतात. बार्शीटाकळीच्या एका बैठकीत हाच तपास पोह्यांच्या प्लेटा रिकाम्या व्हायच्या आत पूर्ण झाला. मी तिथं हजर होतो. आरोपी म्हणूनही आणि नवरदेव म्हणूनही.

मी नववीतून शाळा सोडलेला माणूस. मी शाळेला सोडलं की शाळेनं मला, यावर भातकुलीच्या आमच्या घरात अजून एकमत नाही. पुढं ओळखीतून दूर राजस्थानात, लढाऊ विमानांच्या तळावर, ठेकेदाराकडे कामाला लागलो. काम असं की सकाळी विमानं उडायच्या आधी आम्ही सगळे एका रांगेत, हातभर अंतर ठेवून, मान खाली घालून धावपट्टी चालत जातो. खडा, खिळा, तारेचा तुकडा, पेनाचं टोपण, दिसेल ते उचलून पिशवीत टाकतो. कारण विमानाचं इंजिन समोरून हवा ओढतं आणि हवेबरोबर खडाही गिळतं. मग आतली पाती मोडतात. एवढं महागाचं विमान, अन् त्याचं वैर कोणाशी, तर बोराएवढ्या खड्याशी! पाखरांशीही आहे, पण पाखरं उडवायला वेगळी माणसं आहेत. त्यांना फटाके मिळतात, आम्हाला पिशवी.

चेष्टा करतो, पण या नोकरीचे उपकार मी विसरलेलो नाही. मान खाली घालून चालायची सवय मला शाळेतच लागली होती. तिचा पगार देणारं दुसरं कोण भेटलं असतं? आमच्या रांगेचा मुकादम तिकडचाच. पहिल्या दिवशी मी शाळेचा दाखला पुढं केला, तर त्यानं तो घडी करून माझ्याच खिशात कोंबला. म्हणाला, "ये रख. नज़र दिखा." त्या माणसाच्या नावानं मी अजून हात जोडतो.

मात्र लग्नाच्या बाजारात खडे वेचणाऱ्याला भाव नाही. म्हणून मामानं माझी नोकरी थोडी घासूनपुसून घेतली होती. आई, मामा आणि मी मुलगी पाहायला बार्शीटाकळीला पोचलो, तर मामा चप्पल काढता काढताच सुरू झाला. "पाहुणे, खरं सांगून राहिलो, आमच्या भाच्याबिगर तिथलं इमान जागचं हालत नाई."

यात खोटं काहीच नव्हतं. मामाचं कौशल्य ते हेच.

मुलीचे वडील अकोल्याच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसाच्या कारखान्यात, कामाला. ते खूश झाले. शेजारी मुलीचे काका. त्यांची रिटायर्ड ड्रायव्हरची पदवी असल्यामुळे वाहन या विषयावर त्यांचा शब्द शेवटचा. मुलगी पोहे ठेवून आईजवळ बसली. सगळं रीतसर चाललं होतं, तेवढ्यात कोपऱ्यातल्या टीव्हीवर बातमीची पट्टी आली. सरावाच्या वेळी लढाऊ विमान कोसळलं. खाली जिल्ह्याचं नाव होतं. माझ्या तळाचा जिल्हा. वैमानिकाचं काही कळत नव्हतं.

मी प्लेट खाली ठेवली. वडिलांनी टीव्ही पाहिला, मग मला पाहिलं, मग मामाला.

"तुमच्याच तिथलं हाय का हे?"

"हाव," मी म्हणालो.

"अन् यायच्याबिगर हालत नाई म्हणता. मंग पडलं काहून?"

मामा पोह्यातले शेंगदाणे वेचू लागला. उत्तर काकांनी दिलं. "डिझल संपलं असन. नाईतर घाटात न्यूटल मारलं असन त्यानं."

"आभायात कुठचा घाट, बावा?" वडील म्हणाले.

"मंग डायवरले झपकी आली."

मामाला धीर आला. "झपकी नाई, हे दुश्मनाचं काम हाय!" सोबत त्यानं दुश्मनाचा पत्ताही सांगितला. चौकशी समितीत फूट पडली. अहवाल दोन झाले, पोहे मात्र संपले.

मी अंगणात जाऊन मुकादमाला फोन लावला. तो फक्त एवढंच बोलला, "फ़ोन पे कुछ मत पूछ. साहब कूद गया, ज़िंदा है. तू अपनी शादी देख." आणि ठेवला. साहब म्हणजे वैमानिक, छत्रीनं खाली उतरलेला. मी तुळशीच्या ओट्यावर डोकं टेकवलं.

आत आलो तेव्हा माझ्यापुढं सरळ हिशेब होता. मामाच्या सांगण्याएवढा मोठा माणूस राहिलो, तर विमान मीच पाडलेलं. निर्दोष सुटायचं असेल, तर छोटा व्हावं लागणार.

"साहेब वाचले," मी म्हणालो. "अन् मी इमान नाई चालवत. दुरुस्तही नाई करत. इमानाच्या रस्त्यावरचे खडे उचलतो."

आईनं पदर तोंडाला लावला. मामा छताकडे पाहू लागला, जणू विमान तिथूनच पडणार होतं. काका म्हणाले, "म्हणजे झाडूवाला?"

"झाडू नाई. हातानं."

मग मुलगीच बोलली. ती वडिलांच्याच जिनिंगमध्ये पट्ट्यावर कापसातला कचरा वेचायला जाते, हे मला तेव्हा कळलं. कापसात खडा राहिला की मशिनीत ठिणगी पडते, आणि गंजीच्या गंजी जळतात.

"तुमी इथं आले," ती म्हणाली, "मंग तिथं तुमच्या जागेवर कोण चालून राहिलं?"

घरात एवढे तपास अधिकारी बसलेले, पण सुटीला निघाल्यापासून माझं काळीज कुरतडणारा प्रश्न कोणीच विचारला नव्हता.

"बाजूचा. त्याले दोघाची जागा पाहा लागते."

"मंग इथं काय करून राहिले? जा ना."

मामानं याचा अर्थ नकार असा लावला. मीही तोच लावला. अकोल्याला गाडी येईपर्यंत त्यानं मला शिव्या दिल्या. "खडे दिसते तुले, पुढचं ताट नाई दिसत!" मी ऐकून घेतल्या. गाडीत बसलो, ते सरळ तळावर.

पोचलो त्याच्या दुसऱ्या सकाळी रांग लागली. रोजच्यापेक्षा हळू चाललो, एवढंच. विमान कशानं पडलं, ते आमच्यासारख्यांना कोण सांगणार? पाखरू असेल, पुर्जा असेल, खडा असेल. तो 'असेल' माझ्या मानेवर अजून बसलेला आहे.

संध्याकाळी मुलीच्या वडिलांचा फोन आला.

"जवाईबापू, पोरगी हाव म्हणते."

सासऱ्याला आमच्याकडे मामाजी म्हणतात, ते मी मनात म्हणून पाहिलं.

"पण एक सांगा, पडलं कायनं ते?"

"मले माईत नाई, मामाजी."

"जाऊ द्या," ते म्हणाले. "लग्नात तुमच्या मामाले इचारतो. त्याईले माईत हाय."